नळीतली हवा

नवी चाकं बसवून सोळा दिवस झाले होते आणि सोळाही दिवस गाडीच्या पडद्यावर तेच चार आकडे येत होते. तेहतीस, तेहतीस, तेहतीस, तेहतीस. शर्वरी ते वाचल्याशिवाय गाडी हलवत नसे. आधी मागच्या सीटवरच्या बाळखुर्चीचा पट्टा दोनदा ओढून पाहायचा, मग चाकांची हवा बघायची, मगच निघायचं. जुई झाल्यापासूनची ही सवय. तिचा नवरा हर्षल चारचौघांत तिची नक्कल करायचा, विमानातल्या पायलटच्या आवाजात चारी आकडे म्हणून दाखवायचा. ती ते हसण्यावारी न्यायची. अकरा महिन्यांचं लेकरू मागे बसलेलं असताना आपलं हसं झालं तर झालं, असं तिला वाटे.

त्या रविवारी जुईचं जावळ होतं. अमरावतीहून दीडशे किलोमीटरवर, कुळदेवीच्या देवळात. हर्षल आणि शर्वरीची आई आदल्या दिवशीच सुधाकरमामांच्या जीपमधून पुढे गेले होते. शर्वरीला ज्युनिअर कॉलेजचे फिजिक्सचे पेपर तपासून द्यायचे होते, म्हणून ती मागून एकटी निघाली. एकटी म्हणजे ती आणि जुई.

सुधाकरमामा हे शर्वरीचे मामा, आईचे धाकटे भाऊ. शर्वरी आठ वर्षांची असताना तिचे बाबा गेले, तेव्हापासून घरात पुरुषमाणूस म्हणजे मामाच. सायकल त्यांनी शिकवली, गाडी त्यांनी शिकवली, लग्नात कन्यादान त्यांनी केलं. बडनेरा रस्त्यावर त्यांचं टायरचं दुकान. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं आणि शर्वरीला भाऊ नाही, तेव्हा जुईला मांडीवर घ्यायला सुधाकरमामाच बसणार, हे तिच्या बारशालाच ठरून गेलं होतं.

महामार्गाच्या कमानीखालून जाताना खांबावरचा दिवा हिरवा झाला, गाडी आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यात शिरली आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरू लागलं. सकाळचे साडेनऊ वाजले होते, पण मे महिन्यातलं वऱ्हाड ते. सिमेंटचा रस्ता तापलेल्या तव्यासारखा पांढरा दिसत होता. जुईचे गाल लाल झाले होते. शर्वरीनं एसी वाढवला, आणखी वाढवला, मागच्या काचांवर उन्हाच्या जाळ्या ओढल्या. वीसेक मिनिटांनी जुई झोपली. शर्वरीनं सवयीनं पडद्याकडे पाहिलं.

बत्तीस, बत्तीस, बत्तीस, बत्तीस.

तिनं पुन्हा पाहिलं. थोड्या वेळानं चारी आकडे एकतीस झाले.

चारी चाकांना एकाच वेळी, एकाच मापाचं छिद्र पडत नाही. हे कळायला फिजिक्सची पदवी लागत नाही. पण दुसरी गोष्ट कळायला लागते, आणि ती तिच्याकडे होती. बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. टायर रस्त्यावर धावतो, दर फेऱ्याला चेपला जातो, तापतो. साधारण सहा अंश तापमान वाढलं की एक पॉइंट हवा वाढते. अशा उन्हात, अशा रस्त्यावर, अर्धा तास शंभरच्या वेगानं धावलेल्या चाकात आता सदतीस-अडतीस दिसायला हवे होते. इथे आकडे उतरत होते. एसी लावल्यावर उतरत होते.

तिनं एसी बंद केला. घामाची एक धार मानेवरून पाठीत गेली. सात-आठ मिनिटांनी आकडे बत्तीस झाले.

म्हणजे गाडी ज्या हवेचा दाब दाखवत होती, ती हवा चाकात नव्हती. ती गाडीच्या आत कुठेतरी होती, तिच्याबरोबर, थंडाव्यात बसलेली.

चाकांना नाडी आली ती काही वर्षांपूर्वी. उन्हाळ्यात टायर फुटून महामार्गावर गाड्या उलटायच्या, तेव्हा कायदाच झाला. सरकारी कागदावर त्या वस्तूचं नाव लांबलचक होतं, पण लोकांनी तिला नाडी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं. सुपारीएवढी वस्तू. हवा भरायच्या वॉलला आतून जोडलेली असते. तिला सेल लागत नाही. तिच्या पोटात एक स्फटिक असतो, चाक दर फेऱ्याला दबलं की तोही दबतो आणि त्या दबण्यातून वीज तयार होते. त्या विजेवर नाडी हवेचा दाब सांगते, टायरची उष्णता सांगते, आणि खालच्या रस्त्याची थरथर ऐकून टायरची पकड किती उरली आहे तेही सांगते. चाक फिरत नसेल तर ती शेवटचा आकडा तेवढा धरून ठेवते. प्रत्येक नाडीला स्वतःचा क्रमांक असतो, माणसाच्या आधारसारखा, आणि तो त्या एकाच गाडीशी बांधलेला असतो.

म्हणून चाक बदललं की नाडीचा घोळ होतो. जुन्या चाकातली काढून नव्यात घालायची, कुठली पुढची, कुठली मागची, कुठली डावी हे गाडीला नव्यानं शिकवायचं. टायरवाले याला नाडीचं बारसं म्हणतात. आणि नव्या रिमला जुनी नाडी बसत नसेल, तर नवी मागवून आरटीओत तिचा क्रमांक गाडीवर चढवून घ्यायचा. त्याला तीन आठवडे लागतात.

महामार्गावरचा सगळा डोलारा या नाड्यांवर उभा होता. ताफ्यात दोन गाड्यांमध्ये आठ मीटर अंतर. पुढची थांबली तर मागचीनं किती जोरात ब्रेक दाबायचा, हे ताफ्यातल्या सगळ्यात कमजोर चाकावरून ठरायचं. माणसाच्या डोळ्यांवर कोणी विसंबत नव्हतं. सगळे एकमेकांच्या चाकांवर विसंबले होते.

शर्वरीला तो दिवस आठवला. हर्षलला त्या मोठ्या, चकाकणाऱ्या अलॉय चाकांचं वर्षभर वेड लागलं होतं. ती जुईला कडेवर घेऊन दुकानात उभी होती.

"मामा, नाड्या बसवल्या?" तिनं विचारलं होतं.

"बसवल्या ना."

"आणि बारसं?"

"झालं. ये, पाहून घे डोळ्यानं." मामांनी तिला गाडीत बसवून पडदा सुरू करून दाखवला होता. चारी आकडे हिरवे. "आता तं झोपशील ना रात्री?"

ती खरंच झोपली होती.

पुढच्या थांब्याला ती ताफ्यातून बाहेर पडली. हवेच्या पंपावर एक मुलगी होती, खाकी शर्टावर नावाची पट्टी, प्रणाली मेश्राम. शर्वरी म्हणाली, "चारी चाकांची हवा हातानं तपासून द्याल? पडद्यावर बघू नका."

प्रणालीनं पुढच्या डाव्या चाकाला काटा लावला आणि भुवया वर केल्या. मग टायरच्या कुशीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

"ताई, एकवीस आहे. आणि पोळून राह्यलंय नुसतं. कमी हवेवर पळवलं की असंच तापते."

"पडद्यावर बत्तीस आहे."

"पडद्यावर काही असू द्या." तिनं बाकीची तीन तपासली. एकोणतीस, अठ्ठावीस, तीस. "वॉल पाहा, साधा आहे. नाडीचा नाहीच हा. नाडी चाकातच नाही तुमच्या. डिकी उघडा जरा."

जावळाचं सामान खाली उतरलं. नारळाची पिशवी, जुईचं नवं झबलं, खणाचं कापड. प्रणालीनं स्टेपनी उचलली. तिच्या खाली, फोमच्या तुकड्यात नीट बसवलेली, मनगटाएवढी जाड आणि हातभर लांब अशी पांढरी नळी होती. दोन्ही तोंडं बंद, एका टोकाला हवा भरायचा वॉल. बाहेरून तीन-चार छोट्या मोटरी चिकटवल्या होत्या, जुन्या मोबाईलमध्ये थरथरायच्या तसल्या, आणि एक वायर पुढे गाडीकडे गेली होती. शर्वरीनं नळीवर हात ठेवला. गाडी सुरूच होती, नळी हलकेच थरथरत होती. झोपलेल्या मांजरासारखी.

"पाळणा म्हणतात याले," प्रणाली म्हणाली. "चारी नाड्या आत. तेहतीस हवा भरायची, चांगल्या रस्त्याची थरथर द्यायची. नाड्यांना वाटते आपण चाकातच आहो. महिन्यात दोन-तीन सापडतात. तुमचा लई सफाईदार आहे. चांगल्या हातचा दिसते."

चांगल्याच हातचा होता. फोमचे कोपरे गोल कापलेले होते. कोणाला टोचू नये म्हणून कोपरे गोल कापायची मामांची पद्धत. जुईच्या लाकडी गाडीचेही त्यांनी तसेच घासून दिले होते.

तिनं हर्षलला फोन लावला.

"कुठवर आलीस? न्हावी येऊन बसलाय," तो म्हणाला. मागे देवळाची घंटा वाजत होती.

"हर्षल, स्टेपनीखाली काय आहे?"

"थांब, बाजूला येतो." काय सापडलं, हे त्यानं विचारलं नाही. तेवढ्यावरच तिला कळायचं ते कळलं. "शरू, ऐक. तीन आठवड्यांचाच प्रश्न होता. जुन्या नाड्या या रिमला बसत नव्हत्या, मामांनी खूप खटपट केली. नव्या पुढच्या शुक्रवारी येतायत."

"मग चाकं पुढच्या शुक्रवारी बसवायची."

"जावळाला सगळं गाव येणार होतं. म्हटलं तोवर..." तो थांबला. "आणि पडद्यावर लाल दिवा लागला असता तर तू जुईला घेऊन गल्लीबाहेर पडली नसतीस. तुला माहितीये तू कशी आहेस."

"म्हणून खोटे आकडे."

"खोटे नव्हते गं. त्या नळीत खरोखर तेहतीस आहे."

"जुई नळीत बसलेली नव्हती, हर्षल."

"झालं का काही? नाही ना झालं? सोळा दिवस तू शांत होतीस. रात्री उठून तिचा श्वास बघत नव्हतीस. आईसुद्धा म्हणाल्या, पोरीचा चेहरा निवळला, राहू द्या तसंच."

"आईला माहीत आहे?"

घंटा पुन्हा वाजली. कोणीतरी प्रसादाच्या नारळाबद्दल विचारत होतं. हर्षलनं उत्तर त्याला दिलं.

ती बाकावर बसली. जुई जागी होऊन मांडीवर आली होती आणि तोंडात चोखणी घेऊन चोखत होती. चोखणीतून काही येत नाही, पण जुई रडत नाही. रडू नये म्हणूनच चोखणी असते. शर्वरीनं चोखणी काढली. जुईनं नवलानं तिच्याकडे पाहिलं आणि मग भोकाड पसरलं. शर्वरीला तिचं रडणं त्या घटकेला बरं वाटलं.

प्रणालीनं गरम चाकावर पाणी न टाकता ते निवेपर्यंत थांबायला लावलं, मग त्याच्या वॉलचं तोंड बदललं आणि चारी चाकांत हवा भरली. नळी तिनं जप्त करून टेबलावर ठेवली आणि शर्वरीच्या मोबाईलवर एक फॉर्म पाठवला.

"महामार्गावर आता जाता येणार नाही, जुन्या रस्त्यानं जा, पन्नासच्या वर नको. फॉर्म साडेबारापर्यंत भरा. 'पाळणा कोणी बसवला' असा रकाना आहे. नाव दिलं तर त्याचा परवाना जाते. नाही दिलं तर 'माहीत नाही' म्हणून आपोआप पुढं जाते. बहुतेक जण माहीत नाहीच लिहितात, ताई. आपल्याच माणसानं बसवलेलं राहते ना." ती थोडी घुटमळली. "तुमच्या मागं कोण होतं ताफ्यात?"

"पिवळी स्कूलव्हॅन. लग्नाला निघालेली असावी. पुढच्या सीटवरची मुलं मला जीभ दाखवत होती."

"ती तुमच्या तेहतीसवर चालली होती."

जुन्या रस्त्यानं जाताना शर्वरीला ती मुलं दिसत राहिली. आठ मीटरवर. आणि मग तिच्या मनात आलं की आपल्या पुढे एक पांढरी गाडी होती. जुई तासभर त्या गाडीच्या आकड्यांवर चालली होती. ते आकडे कोणत्या हवेतून आले होते, कोणास ठाऊक. रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीत कोणी ना कोणी कोणाला सांगितलेलं असणार, झालं, बसवलं, झोप आता.

ती पोहोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. देवळाच्या ओवरीत सतरंजी अंथरलेली, पाटाभोवती रांगोळी, पाटावर सुधाकरमामा. स्वच्छ धोतर, मांडीवर नवा पंचा पसरलेला. न्हावी वाटीत पाणी घेऊन बसला होता. आई पुढे आली. तिनं शर्वरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, सरळ जुईकडे हात केले.

"आण तिला. आधी जावळ होऊ दे, मग काय बोलायचं ते बोल."

शर्वरीनं जुईला सोडलं नाही. ती पाटासमोर उभी राहिली. "मामा, असे किती बसवलेत?"

मामांनी पंचा सारखा केला. "रागावली तू. रागाव. पण चारचौघांत काहून विचारून राह्यली?"

"किती?"

"असतील तीस-चाळीस. लोक ऐकत नाहीत बाई. चाक आज पाहिजे आणि नाडी येते तीन आठवड्यांनी. मी नाही केलं तर शेजारचा करते."

"डाव्या चाकात एकवीस हवा होती. हात लावला तर भाजत होतं."

मामांचा चेहरा उतरला. तो खरोखर उतरला, हे तिला दिसलं. "एकवीस? नवा वॉल टाकला होता ना मी." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "तो गळला म्हणजे... देवा. शरू, मी तुह्या वाइटावर आहो काय? तुले कधी रस्त्यात उभं राहू दिलं काय मी?"

"नाही."

"मग?"

"त्या चाळीस जणांना आत्ता फोन करा. सांगा, नळी काढून टाका, गाडी महामार्गावर नेऊ नका."

"करतो ना. उद्या दुकानात गेल्या गेल्या करतो. झालंच समज."

तिला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता. तोच आवाज, तोच जाड, तेलकट, लहानपणी तापात कपाळावर यायचा तो हात. सोळा दिवसांपूर्वी याच आवाजानं तिला झालं म्हणून सांगितलं होतं. आता उद्या संध्याकाळी हा आवाज पुन्हा 'केले सगळ्यांना' म्हणेल, आणि ते खरं की नळीतलं हे तपासायला तिच्याकडे कुठलाच काटा नसेल.

तिनं मोबाईल काढला. हर्षल जवळ आला. "शरू, काय करतेयस? ते आपले मामा आहेत."

"म्हणून तर समोर उभी राहून करतेय." ती मामांकडे वळली. "मामा, फॉर्ममध्ये नाव विचारलंय. मी तुमचं लिहितेय. तुम्हाला सांगून, तुमच्या डोळ्यांदेखत लिहितेय. माझ्यासाठी तुम्ही तेवढंही केलं नव्हतं."

आई म्हणाली, "अगं, तुझ्या बाबांच्या जागी आहे तो."

"मला माहितीये आई. तूही मला सांगायला हवं होतंस."

आईनं पदर तोंडाला लावला आणि खांबाकडे तोंड फिरवलं. शर्वरीनं नाव लिहिलं, दुकानाचा पत्ता लिहिला आणि पाठवलं. एकही अक्षर चुकलं नाही.

मामांनी मांडीवरचा पंचा काढला, घडी केली, पाटावर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. ते ओवरीच्या पायऱ्या उतरून जीपकडे गेले. जीपमध्ये बसले नाहीत. बॉनेटला टेकून, उन्हात, पाठमोरे उभे राहिले.

"मी बसतो पाटावर," हर्षल हळूच म्हणाला.

"नको."

शर्वरी स्वतः पाटावर बसली. पंचा उलगडला, मांडीवर पसरला, त्यावर जुईला घेतलं. न्हावी अवघडून तिच्याकडे बघत होता.

"बाई, मामाच्या मांडीवर घ्यायचं असते. रीत आहे."

"वस्तरा फिरेपर्यंत हलणार नाही अशी मांडी हवी ना? ही हलणार नाही. चालवा."

न्हाव्यानं जुईच्या डोक्याला पाणी लावलं. गार हात लागताच तिचा ओठ वाकडा झाला. तिनं वस्तऱ्याच्या चकाकत्या पात्याकडे पाहिलं, मग वर शर्वरीकडे, आणि रडण्याच्या बेतात आली. हर्षल तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि नेहमीच्या लाडिक आवाजात म्हणाला, "घाबरायचं नाही हं जुई. काही होत नाही. बाबा आहे ना."

जुईनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. तिचा ओठ सरळ झाला. तिनं त्याचं एक बोट मुठीत धरलं आणि मान न हलवता स्वस्थ बसली, कारण तिला ते खरं वाटलं.